दीर्घिका घडवण्याच्या दोन रीती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आमचे गाव सांगलीपासून जवळ, कृष्णेच्या काठी. पावसाळ्यात संध्याकाळी रेडिओवर आयर्विन पुलाची पाणीपातळी सांगायला लागले, की अब्बा घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचे. इतके फूट, इतके इंच. तो आकडा ऐकून मगच ते जेवायला बसत. चाचांचा मात्र त्या आकड्यावर फारसा भरवसा नव्हता. ते नदीवर जात आणि पाण्यातून काय वाहत येते आहे ते बघत उभे राहत. ओंडके, कडब्याच्या पेंढ्या, कधी एखाद्या छपराची पाने. ‘पूल जागेवर असतो, पाणी जागेवर नसतं. पाणी कुठून आलं ते त्याच्याबरोबर आलेल्या वस्तूंना विचारायचं,’ असे ते म्हणत. अब्बा म्हणत, ‘ओंडक्याला फूट-इंच कळतात का?’

दोघा भावांचे हे भांडण दर पावसाळ्यात होई. हेच भांडण जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही घातले आहे, आणि तेही नदीवरून नव्हे तर आकाशातल्या दीर्घिकांवरून, हे मला फार उशिरा कळले. मी कवी माणूस. बी.ए. मराठी घेऊन झालेलो. गणिताने मला आणि मी गणिताला शाळेतच सोडले होते. पण नात्यातला एक मुलगा भौतिकशास्त्र शिकायला गेला आणि सुट्टीत आला की संगणकाच्या पडद्यावर दीर्घिका कशा जन्मतात ते दाखवू लागला. निळे-तांबडे धूर एकमेकांत गुंफत जातात, मध्ये एक चकती फिरू लागते, तिला बाहू फुटतात. मी थक्क होऊन विचारले, ‘हे खरे आहे का?’ तो हसला आणि म्हणाला, ‘काका, याच प्रश्नावर माणसांची आयुष्ये गेली आहेत.’ त्या आयुष्यांची ही थोडक्यात गोष्ट आहे.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे कुटुंब. आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक. तिच्यात शंभर ते चारशे अब्ज तारे असावेत असा अंदाज आहे. आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेची पहिली ज्ञात नोंद अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी इ.स. ९६४च्या सुमारास केली. त्यांनी तिला ‘छोटासा ढग’ म्हटले. तो ढग म्हणजे आपल्यासारखेच स्वतंत्र तारकाविश्व आहे, हे सिद्ध व्हायला एडविन हबल यांचे १९२०च्या दशकातले काम यावे लागले. पण दीर्घिका आहे हे कळणे वेगळे आणि ती घडली कशी हे कळणे वेगळे. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. एखादी दीर्घिका घडताना बघत बसायला कोणाला तेवढे आयुष्य नाही. आकाशात आपल्याला लहान, मोठ्या, तरुण, म्हाताऱ्या दीर्घिकांची फक्त छायाचित्रे मिळतात. त्यांतून चित्रपट तयार करायचा तर हिशेबाशिवाय मार्ग नाही.

हा हिशेब संगणकाच्या आधी एका माणसाने चक्क दिव्यांवर केला. स्वीडनमधल्या एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली ७४ दिव्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. सदतीस दिव्यांची एक दीर्घिका, सदतीस दिव्यांची दुसरी. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट कमी होतो आणि गुरुत्वाकर्षणही त्याच नियमाने कमी होते. म्हणून प्रत्येक जागी प्रकाश मोजायचा, त्यावरून ओढ किती ते ठरवायचे, दिवे तेवढे सरकवायचे आणि पुन्हा मोजायचे. दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होते ते त्यांनी असे पाहिले. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. अंधाऱ्या खोलीत दिवे सरकवत दोन विश्वांची भेट घडवून आणणे हे कवीचे काम, आणि ते एका खगोलशास्त्रज्ञाने केले.

पण दिव्यांना फक्त गुरुत्वाकर्षण कळत होते. तारे एकमेकांना सहसा धडकत नाहीत, त्यांच्यामध्ये जागा फार मोठी असते. ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात, ते अदृश्य द्रव्यही नुसते ओढले जाते. वायूचे तसे नाही. वायूला दाब असतो. तो तापतो, थंड होतो, त्याच्यात भोवरे पडतात, वेगाने आलेले दोन लोट आदळले की धक्क्याची भिंत उभी राहते. आणि तारे जन्मतात ते याच वायूतून. म्हणजे दीर्घिकेचे घडणे समजायचे तर वायू कसा वाहतो हे समजायला हवे. इथे अब्बा आणि चाचा यांचे भांडण सुरू होते.

वाहत्या द्रव्याची समीकरणे लेओनहार्ड ऑयलर यांनी १७५७ साली प्रसिद्ध केली. ती मांडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत आपण जागा पक्की करतो आणि त्या जागेवरून काय वाहून जाते ते मोजतो. ही पुलावरच्या मोजपट्टीची दृष्टी. तिला ऑयलर यांचे नाव आहे. दुसऱ्या तऱ्हेत आपण पाण्याचाच एक थेंब धरतो आणि तो जाईल तिकडे त्याच्याबरोबर जातो. ही ओंडक्याची दृष्टी. तिला लाग्रांज यांचे नाव मिळाले. खरे तर दोन्ही मांडण्या ऑयलर यांच्याच लेखनात सापडतात, पण नावे अशी पडली. कागदावर दोन्ही रीती सारख्याच. एकीतून दुसरी काढता येते. मात्र संगणकावर हिशेब करायचा तर अखंड प्रवाहाचे तुकडे पाडावे लागतात, आणि तुकडे पाडले की दोन्ही रीती वेगळ्या वागू लागतात.

मोजपट्टीच्या रीतीत अवकाशावर एक जाळी टाकतात. प्रत्येक घरात किती वायू आहे, त्याचा दाब किती, वेग किती, हे लिहायचे आणि शेजारच्या घरात किती गेले त्याचा जमाखर्च ठेवायचा. रशियाच्या सर्गेई गोदुनोव्ह यांनी १९५९ साली या जमाखर्चाची एक उत्तम पद्धत प्रसिद्ध केली. दोन घरांच्या सीमेवर दोन वायू समोरासमोर आले तर नेमके काय होईल, हे प्रत्येक सीमेवर सोडवायचे. धक्क्याच्या भिंती या पद्धतीने चांगल्या टिपता येतात. अडचण अशी की दीर्घिका हे अफाट पोकळीतले टिंब. सगळीकडे बारीक जाळी टाकायची तर कोणताही संगणक पुरणार नाही. यावर मार्शा बर्गर आणि जोसेफ ऑलिगर यांनी १९८४ साली तोड सांगितली. जिथे घडामोड आहे तिथेच घर फोडून लहान घरे करायची, बाकी जाळी मोठीच ठेवायची. याच विचारावर पुढे ग्रेग ब्रायन आणि मायकेल नॉर्मन यांची ‘एन्झो’ आणि २००२ साली रोमँ तेसिए यांची ‘रॅमसेस’ या संगणक-प्रणाली उभ्या राहिल्या.

ओंडक्याच्या रीतीचा जन्म १९७७ सालचा. तो एकाच वर्षी दोन ठिकाणी झाला. लिऑन ल्यूसी यांनी एक निबंध लिहिला, आणि बॉब गिंगोल्ड व जो मोनाहन यांनी दुसरा. प्रश्न दीर्घिकांचा नव्हता, ताऱ्यांचा होता. त्यांनी जाळी फेकूनच दिली. वायूचे कण करायचे आणि ते वाहतील तसे वाहू द्यायचे. प्रत्येक कण हे टोकदार टिंब नसून कडेला विरत जाणारा मऊ गोळा मानायचा. कोणत्याही जागी आजूबाजूच्या गोळ्यांची बेरीज केली की तिथली घनता मिळते. या पद्धतीला ‘स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स’ म्हणतात. आपण तिला कणांची रीत म्हणू. तिचा मोठा गुण असा की जिथे वायू गोळा होतो तिथे कणही आपोआप गोळा होतात. पोकळीवर मेहनत वाया जात नाही. वस्तुमान, वेग, फिरकी यांचा हिशेबही चोख राहतो. फोल्कर स्प्रिंगेल यांची ‘गॅजेट’ ही प्रणाली याच रीतीची. तिची २००५ सालची आवृत्ती जगभर वापरली गेली.

इथे पुण्याचाही एक धागा येतो. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब जलद करण्यासाठी जवळच्या ओढीला एक पद्धत आणि लांबच्या ओढीला दुसरी, अशी जोडपद्धत वापरतात. तिच्यावर ज्यांनी काम केले त्यांत जसजित सिंग बागला हे एक. पुण्याच्या आयुकामध्ये थानू पद्मनाभन यांच्याकडे त्यांनी संशोधन केले होते. ‘गॅजेट’मध्येही अशाच जोडपद्धतीची सोय आहे. गुरुत्वाकर्षणाबाबत मतभेद फार नव्हते. भांडण होते ते वायूवरून.

आणि एक दिवस सर्वांनी आपापली पाने उघडी करायचे ठरवले. कार्लोस फ्रेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या नावाने तो ओळखला जातो. एकाच दीर्घिकासमूहाची एकच सुरुवात बारा प्रणालींना दिली. सात कणांच्या, पाच जाळीच्या. सगळ्यांनी तोच समूह घडवायचा आणि उत्तरे शेजारी शेजारी ठेवायची. कृष्णद्रव्याच्या बाबतीत उत्तरे चांगली जुळली. वायूची ढोबळ रचनाही जुळली. मात्र समूहाच्या अगदी मध्यभागी गाडी अडली. वायूला एन्ट्रॉपी नावाचे एक मोजमाप असते. वायूला धक्के बसले, तो मिसळला, की ते वाढते. कणांच्या रीतीत ते केंद्राकडे सतत घटत गेले. जाळीच्या रीतीत केंद्राजवळ ते सपाट झाले. बारा जण बारा चुका करतात तर ते समजून घेता आले असते. इथे मात्र पंक्तीच दोन पडल्या होत्या. म्हणजे उत्तर विश्वातून येत नव्हते, रीतीतून येत होते.

मग कोणाचे खरे? यावर स्पष्ट बोट ठेवले ते ऑस्कर आगेर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली. त्यांनी दीर्घिका बाजूला ठेवली आणि एक साधी परीक्षा घेतली. थंड, दाट वायूचा एक गोळा, आणि त्याच्यावरून आवाजापेक्षा जास्त वेगाने वाहणारा गरम वारा. काय व्हायला हवे? तळ्यावरून वारा गेला की लाटा उठतात, तशा गोळ्याच्या कडेला लाटा उठायला हव्यात, त्यांचे भोवरे व्हायला हवेत, आणि गोळा फाटून वाऱ्यात मिसळून जायला हवा. जाळीच्या प्रणालींत तसेच झाले. जुन्या कणांच्या प्रणालींत गोळा चेपला, लांबला, पण फुटायचे नाव घेईना. कारण सापडले ते असे. दाट आणि विरळ वायूच्या सीमेवर ते मऊ गोळे घनतेची बेरीज चुकवतात, आणि तिथे खोटा दाब निर्माण होतो. जणू थंड गोळ्याला एक कातडी फुटते. पाण्यावर तेलाचा थेंब वेगळा राहावा तसा तो वेगळा राहतो.

ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. दीर्घिकेभोवती गरम वायूचा घुमट असतो, त्यातून थंड वायूचे गोळे आणि झोत आत येतात. ते वाटेत फुटून मिसळले तर दीर्घिकेला मिळणारा वायू एक, न फुटता थेट मध्यात पडले तर दुसरा. ताऱ्यांची संख्या त्यावर अवलंबून. म्हणजे पडद्यावर दिसणारी सुंदर दीर्घिका अंशतः त्या खोट्या कातडीची निर्मिती असू शकते.

कोणी म्हणेल, मग जाळीच जिंकली. तसेही नाही. जाळीचे दुखणे वेगळे. जाळी जागेवर उभी असते आणि विश्वात तर सगळेच धावत असते. एखादा ढग जाळीवरून वेगाने जाऊ लागला की प्रत्येक घर ओलांडताना तो थोडा थोडा पसरतो, पुसट होतो. तोच ढग स्थिर असता तर तसा पुसला नसता. चालत्या आगगाडीत चहा ओतला काय आणि घरी ओतला काय, कपात तो सारखाच पडतो, हे गॅलिलिओचे तत्त्व. जाळीच्या हिशेबात ते मोडते. आणि कणांची रीत मिसळण्यात कमी पडते, तर जाळी कधी कधी जरुरीपेक्षा जास्त मिसळते. सांता बार्बराच्या दोन पंक्तींमागे हेच मिसळणे होते, हे पुढच्या वर्षांत दिसत गेले.

मग ज्यांची कणांची प्रणाली जगभर वापरली जात होती, त्याच स्प्रिंगेल यांनी २०१० साली नवी वाट काढली. जाळी ठेवायची, पण ती प्रवाहाबरोबर चालवायची. वायूत बिंदू सोडायचे आणि ज्या जागेला जो बिंदू सर्वांत जवळ तिचे घर त्या बिंदूचे. गेओर्गी वोरोनॉय या गणितज्ञाच्या नावाने अशी विभागणी ओळखली जाते. बिंदू वाहतात, घरे आकार बदलतात, आणि सीमांवरचा जमाखर्च गोदुनोव्ह यांच्या धर्तीवर चालतो. म्हणजे मोजपट्टीच होडीत ठेवली. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी गॅलिलिओच्या तोंडी घातले जाणारे ते प्रसिद्ध वाक्य घेतले, ‘तरीही ती फिरतेच’. आणि प्रणालीचे नाव ठेवले ‘अरेपो’. पाच अक्षरांचे पाच शब्द चौकोनात मांडलेले, कोणत्याही बाजूने वाचले तरी तेच वाचले जाणारे एक जुने लॅटिन कोडे आहे. त्यातला हा शब्द, आणि त्याचा अर्थ आजवर कोणालाही नीट लागलेला नाही. कवी म्हणून मला हे नाव फार आवडले.

कणांची बाजू मांडणारेही गप्प बसले नाहीत. डॅनियल प्राइस यांनी २००८ सालीच दाखवले होते, की सीमेवर उष्णतेची थोडी देवघेव होऊ दिली तर ती खोटी कातडी गळून पडते. इतरांनी बेरजेची पद्धत बदलली. २०१५ साली फिलिप हॉपकिन्स यांनी ‘गिझ्मो’ या प्रणालीत जाळी नाही आणि जुने कणही नाहीत, अशी मधली रीत आणली. शत्रूने दाखवलेला दोष मान्य करून आपले घर दुरुस्त करायला मोठे मन लागते. साहित्यात ते मी फारसे पाहिलेले नाही.

आता खरी तुलना शक्य झाली. मार्क फोगेल्सबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सुरुवात तीच, गुरुत्वाकर्षणाचा हिशेब तोच, तारे जन्मण्याचे नियम तेच ठेवले आणि फक्त वायूची रीत बदलली. एका बाजूला ‘गॅजेट’, दुसऱ्या बाजूला ‘अरेपो’. चालत्या जाळीतल्या दीर्घिकांच्या चकत्या मोठ्या आणि ऐसपैस निघाल्या. कणांच्या दीर्घिकांभोवती थंड वायूचे न विरघळणारे गोळे तरंगत राहिले. ते आकाशातले नव्हते, रीतीचे होते.

पण त्याच २०१२ साली दुसरी एक तुलना प्रसिद्ध झाली, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. सेसिलिया स्कॅनापिएको आणि अनेक गटांनी मिळून आपल्या आकाशगंगेएवढी एकच दीर्घिका तेरा वेळा घडवली. सुरुवात एकच. कणांची रीत, जाळी, चालती जाळी, सगळ्या होत्या. मात्र तारे कसे जन्मावेत आणि मरणाऱ्या ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू किती उधळावा, याचे नियम ज्याचे त्याने आपापले वापरले. तेरा दीर्घिका निघाल्या, आणि त्या भावंडे वाटू नयेत इतक्या वेगळ्या. कोणी जाडजूड, कोणी चपटी. बहुतेकींत तारे जरुरीपेक्षा जास्त. आणि फरकाचे मुख्य कारण वायूची रीत नव्हती. ते होते ताऱ्यांच्या जन्ममरणाचे नियम.

ज्या वादात इतकी वर्षे गेली, त्याहून मोठे अज्ञान शेजारीच बसले होते. संगणकातला एक कण किंवा एक घर म्हणजे केवढा वायू? २०१४ सालच्या ‘इलस्ट्रिस’ या प्रचंड प्रयोगात सुमारे दहा लाख सूर्यांइतका. त्याच्या आत तारा कसा जन्मतो, कसा फुटतो हे संगणकाला दिसतच नाही. ते माणसाने बाहेरून सांगावे लागते. पुढे २०१५ साली ‘ईगल’ या प्रयोगाच्या गटाने जुनी आणि दुरुस्त केलेली कणांची रीत शेजारी ठेवून पाहिली. बहुतेक दीर्घिकांना फारसा फरक पडला नाही. सर्वांत अवजड दीर्घिकांना मात्र पडला. आणि २०१६ साली ‘अगोरा’ नावाच्या सामूहिक प्रकल्पात नऊ प्रणालींना शक्य तितके एकसारखे नियम दिले, तेव्हा त्यांच्या दीर्घिका बऱ्याच जुळल्या. म्हणजे भांडण व्यर्थ नव्हते. रीतीची चूक किती, हे मोजल्याशिवाय बाकीची चूक नियमांची आहे, हे कळलेच नसते.

मला या गोष्टीत माझ्या धंद्याचे काहीतरी सापडले. मी काही वर्षे गझल लिहिली. एकदा आमच्या घरातल्या एका मृत्यूवर गझल लिहिली. शेवटच्या शेरात समजूत होती, दिलासा होता. लोकांना आवडली. वर्षभराने त्याच मृत्यूवर मुक्तछंदात लिहायला बसलो आणि दिलासा काही केल्या येईना. तेव्हा लक्षात आले, की तो दिलासा माझा नव्हता. तो रदीफने दिला होता. यमक जुळले म्हणून मी त्याला खरे मानले. त्या थंड गोळ्याची कातडी हीच. तेव्हापासून एखादी ओळ फार सहज आली, की मी ती दुसऱ्या छंदात म्हणून बघतो. दोन्हीकडे टिकली तर ती बहुधा माझी असते.

शास्त्रज्ञ याहून वेगळे काही करत नाहीत. एकच विश्व ते दोन रीतींनी सांगतात आणि दोन्हींत जे टिकते त्यावर हात ठेवतात. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात किंवा पडद्यावर दीर्घिकेच्या जन्माचे रंगीत चित्र दिसले तर त्याचे कौतुक जरूर करा, पण हे कोणत्या रीतीने काढले, आणि दुसऱ्या रीतीने काढले तेव्हा असेच निघाले का, एवढे मनात विचारा.

अब्बा आणि चाचांचे सांगायचे राहिले. एका पावसाळ्यात संध्याकाळी रेडिओवरचा आकडा बेताचा होता. अब्बा निश्चिंत होते. रात्री चाचा नदीवरून भिजत आले. म्हणाले, ‘भाईजान, पाण्यात मुळासकट उपटलेली हिरवी झाडं येताहेत. वर कुठंतरी मोठा लोंढा उठलाय.’ अब्बांनी कंदील घेतला आणि दोघे मिळून नदीकाठच्या आमच्या खुणेच्या दगडाशी गेले. पाणी दगडाच्या कितव्या पायरीला आहे ते अब्बांनी बघितले, अर्धा तास थांबले, पुन्हा बघितले. परत आले ते हाका मारतच. आम्ही पोरांनी शेळ्या सोडल्या, पेट्या डोक्यावर घेतल्या आणि मशिदीजवळच्या उंचवट्यावर गेलो. पहाटे घरात गुडघाभर पाणी होते.

त्यानंतरही ते दोघे भांडत राहिले. पण संध्याकाळी रेडिओ लावला, की अब्बा चाचांना बोलावून घेत, आणि चाचा नदीवर निघाले, की अब्बाही चपला शोधू लागत.